गुलछडीसाठी चार बांबू

व्यवसाय कोणता, असे कोणी विचारले की मी आजही चाचरतो. बँकेच्या अर्जातील त्या रकान्यात मी काही वर्षे 'सेवानिवृत्त अध्यापक' असे लिहीत होतो. ते खोटे नव्हते, पण पुरते खरेही नव्हते. एकदा धीर करून 'अश्वप्रशिक्षण' असे लिहिले. खिडकीपलीकडच्या तरुण लिपिकाने अर्ज दोनदा वाचला आणि गंभीरपणे विचारले, "म्हणजे घोड्यांचा क्लास का, सर?" आमच्या लातूरमध्ये गल्लोगल्ली कसला ना कसला क्लास असतोच, त्यामुळे त्याच्या स्वरात थट्टा नव्हती. मी होकार दिला.

"बॅच कितीची असते?"

"एकाची," मी म्हणालो.

सव्वीस वर्षे मी कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवले. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी स्वरतंतूंवर गाठी आल्या, शस्त्रक्रिया झाली आणि वर्गात पुन्हा उभे राहता येणार नाही असे डॉक्टरांनी सांगितले. तसाही मी बोलका नव्हतो. फळ्याकडे तोंड करून बोलता येते म्हणूनच त्या पेशात टिकलो होतो. त्यानंतर, ज्या कामात आवाज लागत नाही असे काम शोधता शोधता, मी पुण्याजवळच्या एका अश्वारोहण शाळेत जाऊन पोहोचलो. तिथे शाळकरी मुलींच्या रांगेत सर्वांत मागे, सर्वांत भित्रा विद्यार्थी म्हणून दोन वर्षे काढली. परत आल्यावर औसा रस्त्याला मेहुण्याच्या पडीक जमिनीत एक रिंगण आखले. उशिरा शिकलेल्या माणसाला आपले अज्ञान उघडे पडण्याची धास्ती असते, ती मला अजून आहे. या लेखातील मुख्य हकिगत त्या धास्तीमुळेच घडली.

आधी काम काय असते ते सांगतो. घोड्याला आपल्या मागच्या पायांचे फारसे भान नसते, हे बाहेरच्या माणसाला खरे वाटत नाही. पुढचे पाय तो पाहून टाकतो. मागचे पाय आपोआप येतील अशा भरवशावर चालतो. म्हणून जमिनीवर ठरावीक अंतराने बांबू आडवे ठेवायचे आणि त्यांवरून घोड्याला हळूहळू न्यायचे. उडी नाही, धावणे नाही. पाहणाऱ्याला हे इतके नीरस वाटते की घोड्याचे मालक पहिल्याच दिवशी जांभया देऊ लागतात. पण चार-सहा दिवसांत घोडा मान खाली घालतो, बांबूकडे पाहतो, चारही पाय विचारपूर्वक उचलतो आणि पाठ सैल सोडतो. बांबू गोल असल्यामुळे तो खुराखाली घरंगळू नये म्हणून दोन्ही टोकांना मातीने अर्धवट भरलेली पोती टेकवायची. साध्या चालीसाठी दोन बांबूंमध्ये साधारण पावणेतीन फूट अंतर, दुडकीसाठी सव्वाचार. अंतर चुकले, तर घोड्याला विश्वास देणारा तोच बांबू त्याला पाडतो.

अंतर आणि माप आले की गणिताचा मास्तर खूश होतो. माझ्या खिशात कायम टेप असे.

गिऱ्हाइके नाना परींची येतात. एका डाळमिलच्या मालकांनी आपल्या पन्नाशीनिमित्त मारवाडी घोडा घेतला आणि तीन आठवड्यांसाठी माझ्याकडे ठेवला. घोडा न्यायला आले तेव्हा त्यांनी विचारले, "सर्टिफिकेट देता ना?" मला वाटले लसीकरणाचे. त्यांना अभ्यासक्रम पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र हवे होते, घोड्याच्या नावाने, श्रेणीसह. मी नाही म्हणू शकलो नाही. ते प्रमाणपत्र त्यांच्या कार्यालयात चौकटीत लावलेले मी पाहिले आहे. 'अ' श्रेणी दिली होती; प्रामाणिकपणे तपासले असते तर 'ब' द्यायला हवी होती.

गुलछडी आली ती गणपती उठल्यानंतर, मुखेडहून, टेम्पोतून. पांढरीशुभ्र, गुलाबी कातडीची, ज्यांना बाजारात नुकरा म्हणतात तशी सात वर्षांची घोडी. मालक मुनीरभाई, लग्नांत नवरदेवासाठी घोडी देण्याचे त्यांच्या घरचे काम वडिलांपासूनचे. टेम्पोची फळी जमिनीवर टेकवली तरी घोडी उतरेना. फळीच्या कडेकडे पाहून ती थरथरत उभी राहिली. शेवटी फळीवर माती पसरली, कड झाकली, तेव्हा उतरली.

"उन्हाळ्यात पडली, सर," मुनीरभाई म्हणाले. "परण्यात. नवरदेवासकट."

लग्नाआधी नवरदेवाला घोड्यावर बसवून वाजतगाजत देवळापर्यंत नेतात, त्याला आमच्याकडे परण्या म्हणतात. पुढे आवाजाच्या भिंतींची गाडी, सगळ्यांत मागे जनरेटर, मध्ये घोडी, आणि गाडीपासून जनरेटरपर्यंत रस्त्यावर लोळणाऱ्या केबली.

"केबलला अडखळली का?" मी विचारले.

"हाव, सर."

मी वहीत लिहिले: केबल, अडखळणे. आणि वही मिटली.

"त्या पोराचा हात मोडला," मुनीरभाई पुढे सांगू लागले. "तवापासून कोणी तारीख देईना. आमच्या शेजारी शिवाप्पा हायत, किराणावाले. तुळशीच्या लग्नानंतर त्यांच्या पोराचं हाय. ते म्हणले, सर हाव म्हणले तर बसवतो पोराला. तवर नीट झाली तर झाली. न्हाई तर माळेगावच्या यात्रेत विकायला उभी करतो."

"तिथे कोण घेईल?"

मुनीरभाईंनी हातातला दोर उगाच गुंडाळला. "पडणारी घोडी नवरदेवासाठी कोण घेत न्हाई, सर. वीटभट्टीवाले घेतात."

म्हणजे एका बाजूला ही घोडी, दुसऱ्या बाजूला कुणाचा तरी मुलगा, आणि मध्ये माझा होकार. मी ज्या माणसांना ओळखत नव्हतो त्यांनी माझ्या शब्दावर एवढे टांगून ठेवावे, याने मला त्या दिवसापासून जेवण गोड लागेना.

पहिले चार दिवस एकच बांबू. गुलछडी त्याच्यापासून दहा हातांवर थांबे आणि घामाने भिजे. मी तिच्या शेजारी, तोंडाला बांधलेली म्होरकी धरून उभा राही, ओढत नसे. पाचव्या दिवशी तिने बांबू हुंगला. सहाव्या दिवशी ओलांडला, आणि पलीकडे गेल्यावर माझ्या खांद्यावर इतक्या जोरात फुरफुरली की सदरा बदलावा लागला. तिसऱ्या आठवड्यात चार बांबू ती चालीने पार करू लागली. दर रविवारी मुनीरभाई येत, कुंपणाबाहेर उभे राहत, "मस्त, सर" म्हणत आणि परत जात. त्यांच्या चेहऱ्यावर कधी कधी काहीतरी विचारायचे असल्यासारखे दिसे. ते विचारत नसत, आणि मीही विचारत नसे. शिकलेल्या माणसाला अडवू नये असे त्यांना वाटे; आपण प्रश्न विचारला तर आपल्याला येत नाही हे त्यांना कळेल, असे मला वाटे.

दिवस कमी होत होते. अश्वारोहण शाळेच्या पुस्तकात चालीनंतर दुडकीचा पाठ होता. मी टेप काढली, चारही बांबू सव्वाचार फुटांवर मांडले आणि लांब दोरावर तिला दुडकीला घातले. तिने काहीतरी वेगळेच केले: दुडकीत टाकतात तसे तिरपे पाय जोडीने न टाकता एका बाजूचे दोन्ही पाय एकदम, मग दुसऱ्या बाजूचे, अशी झुलत आली. पहिला बांबू पार झाला. दुसऱ्यावर तिचा मागचा पाय आदळला, पोते सरकले, बांबू घरंगळला, आणि ती पुढच्या गुडघ्यांवर आली. उठली तेव्हा मागच्या उजव्या खुराच्या वर, सांध्यापाशी, कातडी सोलली होती. काळ्या घोड्यावर रक्त दिसत नाही. पांढऱ्यावर ते फार दिसते.

मी जखम धुतली, पशुवैद्यांना बोलावले आणि मुनीरभाईंना फोन केला. माझा आवाज आधीच घोगरा. त्यांना दोनदा सांगावे लागले. ते "बरं, सर" एवढेच म्हणाले. ते मला रागावले असते तर बरे वाटले असते.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.ने ते आले. सोबत त्यांची आई, खैरूनबी. सत्तरी ओलांडलेल्या, बारीक अंगाच्या. त्यांनी माझ्याकडे न येता आधी घोडीकडे जाऊन पाय पाहिला, मग बांबू पाहिले, मग माझ्या हातातली टेप पाहिली. मी खुर्ची दिली. त्या बसल्या.

"सर, एक इचारू का? राग न्हाई ना यायचा?"

"विचारा ना, अम्मा."

"नवरदेवाला घिऊन ही पळायची कुठं हाय?"

मी हातातली टेप गुंडाळू लागलो.

"परण्यात घोडी चार पावलं चालती आन धा मिनिटं उभी राहती. पोरं नाचतेत, ही उभी राहती. तुमी हिला दुडकी शिकवून राहिले, म्हणून म्हणलं, नवरदेवाला पळवून न्यायचं ठरलंय का काय."

"अम्मी!" मुनीरभाई कानकोंडे झाले. "सर शिकलेले हायत."

"म्हणून तर इचारून राहिले. न शिकलेल्याला काय इचारायचं? आन दुडकी तर हिला येतच न्हाई. ह्याच्या अब्बानं हिला रवालीवर काढलीय, शिंगरू होती तवापासून."

रवाल म्हणजे एका बाजूचे दोन्ही पाय एकदम टाकत जाण्याची मऊ चाल. वर बसलेल्याच्या पोटातले पाणी हलत नाही. जुने जाणकार घोड्यांना ती मुद्दाम शिकवतात. अशा घोडीला दुडकीच्या मापाचे बांबू म्हणजे कुणाच्या तरी घराचा जिना, पायऱ्या न मोजता काळोखात चढायला लावण्यासारखे. मी मुनीरभाईंकडे वळलो.

"तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"तुमी टेपनं मापून राहिले होते, सर," ते खाली पाहत म्हणाले. "मला वाटलं, त्यात धरलं असंल."

माझ्या सगळ्या अध्यापनात माझ्यावर इतका विश्वास कुणी टाकला नव्हता, आणि इतका चुकीचाही.

मग मी महिनाभर उशिरा तो प्रश्न विचारला. "अम्मा, ती पडली तेव्हा नेमकं काय झालं होतं?"

"मी तितंच होते. ही अडखळली न्हाई, सर. ही उभी होती. पुढचे पाय केबलीच्या पल्याड, मागचे अल्याड. पोरं नाचून राहिली म्हणून सगळं थांबलेलं. तितक्यात डीजेवाल्यानं गाडी पुढं घेतली. केबल हिच्या पोटाखालून सरकली आन मागच्या पायांना आवळली. हिला मागं दिसतंय का? साप वाटला असंल." त्या थांबल्या. "शहाण्यावानी उभी होती बिचारी. उभी राहिली म्हणूनच पडली."

चालत्या घोडीला पाय उचलायला शिकवण्यात मी पाच आठवडे घालवले होते. तिला शिकायचे होते ते उभे राहणे.

त्या सकाळी खैरूनबींनी मला आणखी एक गोष्ट दाखवली. रिंगणात बादलीभर पाणी शिंपडायला लावले आणि जखम सांभाळत गुलछडीला त्यावरून सावकाश चालवले. ओल्या मातीत खुरांचे ठसे उमटले. त्यांनी वाकून वितीने एका पावलापासून दुसऱ्या पावलापर्यंतचे अंतर मोजले. "आता ह्या मापानं ठिवा बांबू. ही घोडी हाय, सर, कापड न्हाई." ते अंतर माझ्या पुस्तकातल्या अंतरापेक्षा चार बोटे कमी निघाले. म्हणजे चालीच्या बांबूंवरसुद्धा ती इतके दिवस ताणून पाय टाकत होती, आणि मी वहीत 'प्रगती समाधानकारक' असे लिहीत होतो.

जखम भरायला बारा-तेरा दिवस गेले. त्यानंतर जे उरले होते त्यात आम्ही एकच धडा गिरवला. एक बांबू, पुढचे पाय पलीकडे, मागचे अलीकडे, आणि तिथेच थांबायचे. आधी पाच श्वास, मग वीस, मग पाव तास. ते जमल्यावर बांबूच्या जागी सुताचा जाड दोर. मी म्होरकीपाशी, आणि मुनीरभाई बाजूला, लाथेच्या टप्प्याबाहेर, दोराचे टोक धरून. ते दोर बोटभर सरकवत. तिचे कान मागे फिरत, बरगड्यांवरची कातडी थरथरे. दोर थांबे. ती सुस्कारा टाकी. पुन्हा बोटभर. दोर मागच्या पायाला पहिल्यांदा लागला तेव्हा तिने झाडलेली लाथ कुंपणाच्या बल्लीला लागली आणि बल्ली मोडली. त्या क्षणापासून मी जेव्हा जेव्हा डोळे मिटे, तेव्हा बल्लीच्या जागी मला कुणाचा तरी गुडघा दिसे.

दोरानंतर जुनी केबल आणली. मंडपवाल्याकडून भोंगा आणला. शेवटच्या आठवड्यात ती आवाजात, पोटाखालून केबल सरकत असताना, उभी राहू लागली. बहुतेक वेळा. बुधवारी राहिली नाही. दोन पावले मागे उसळली. गुरुवारी राहिली. शुक्रवारी राहिली. शनिवारी शिवाप्पांचा फोन आला.

"सर, हाव का न्हाई?"

मी सांगू लागलो की घोडीची प्रगती चांगली आहे, तथापि प्रत्यक्ष परिस्थितीत अनेक घटक असतात आणि कोणत्याही प्राण्याविषयी खात्रीने...

"सर," ते मध्येच म्हणाले, "मला पेपर तपासून दावू नका. निकाल सांगा."

मी म्हणालो, "हो. पण घोडीच्या पुढे मी चालेन. मी हात वर केला की डीजेची गाडी जागेवर थांबली पाहिजे."

"थांबवतो. माझा शब्द."

फोन ठेवला आणि मी पुन्हा रिंगणात केबल अंथरायला गेलो.

लग्नाच्या दिवशी मुखेडात परण्या सकाळी अकराला निघाला. नवरदेव फेटा सांभाळत चढला. त्याची आई घोडीकडे पाहत पदर तोंडाशी धरून उभी होती. मुनीरभाईंनी म्होरकी धरली, मी पुढे. माझे लक्ष फक्त रस्त्याकडे होते. केबल कुठे आहे, सैल आहे की ताणलेली, कुणाचा पाय तिच्यावर आहे. दोनदा गुलछडीने मान खाली घालून केबल पाहिली आणि चारही पाय सावकाश पलीकडे नेले.

बाजाराच्या वळणावर सगळे थांबले. मुले नाचू लागली. मी मागे वळून पाहिले: पुढचे पाय केबलीच्या पलीकडे, मागचे अलीकडे. त्याच क्षणी डीजेची गाडी हलली.

मी हात वर केला.

माझ्या भोवती तीस-चाळीस जण नाचत होते आणि प्रत्येकाचे दोन्ही हात वर होते.

मी ओरडलो. जे निघाले त्याला आवाज म्हणता येणार नाही. केबल सरकू लागली. मी धावत जाऊन दोन्ही पायांनी तिच्यावर उभा राहिलो, तर ती माझ्या चपलांखालून निसटत गेली. गुलछडीच्या पोटाखाली ती ताठ झाली, वर आली, मागच्या पायांना टेकली. मुनीरभाईंचा चेहरा राखेसारखा झाला होता. घोडीचे दोन्ही कान मागे गेले, कातडी थरथरली, आणि ती उभी राहिली. मान खाली घालून, आमच्या रिंगणात राही तशी, उभीच राहिली.

बाजूच्या ओट्यावरून एक चिरका, खणखणीत आवाज आला. "ए डीजे! मुडद्या, थांब की!" खैरूनबी उभ्या होत्या. गाडी थांबली. केबल सैल पडली. गुलछडीने एक मोठा सुस्कारा टाकला, मग मागचा उजवा पाय, गरजेपेक्षा बराच उंच, उचलून पलीकडे ठेवला. मग डावा.

वर नवरदेव मित्राला फोनवर फोटो काढायला सांगत होता. त्याला काही कळले नाही, आणि कळू नये हेच माझे काम होते.

देवळापाशी शिवाप्पा मला भेटले. "बघा, काई झालं का? उगं घाबरून राहिले होते तुमी." मी मान डोलावली. बोलायला घशात काही उरले नव्हते.

गुलछडी आज मुखेडमध्येच आहे आणि तिला तारखा मिळतात. तिच्या मागच्या उजव्या पायावर, जिथे माझ्या बांबूने कातडी सोलली, तिथे केस पुन्हा उगवले नाहीत. गुलाबी चट्टा राहिला आहे. मुनीरभाई त्यावर पैंजण बांधतात, त्यामुळे लोकांना दिसत नाही. मला दिसतो.

आता नवी घोडी आली की मी टेपला हात लावत नाही. आधी मालकाला बसवतो, चहा देतो आणि विचारतो: हिची चाल कोणती, हिला कुणी शिकवले, आणि जे झाले ते पहिल्यापासून सांगा. काहींच्या चेहऱ्यावर दिसते की या माणसाला एवढेही माहीत नाही. दिसू द्यावे. त्यानंतर रिंगणात पाणी शिंपडतो.

त्या वर्षी मुनीरभाई आईला घेऊन माळेगावला गेले, ते घोडीसाठी घुंगरू आणायला. परत येताना खैरूनबी वाट वाकडी करून लातूरला आल्या आणि माझ्या हातात पुडी ठेवली. आत एक शिट्टी होती.

"लग्नात हात वर करू नका, सर," त्या म्हणाल्या. "तितं सगळेच करतेत."

ती मी अद्याप एकदाही वाजवलेली नाही. पण परण्यात घोडीपुढे चालताना ती माझ्या दातांत घट्ट धरलेली असते.